आखूड आलेला पोशाख

आमच्या पुकालोमात सोइला तेनेसाकाकडे कपडे शिवायला टाकायचे तर आधी दोन शिव्या खायची तयारी ठेवावी लागते. हात सोन्याचा, तोंड फटकळ. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मशीनवरून मान वर न करताच ती विचारते, "काय फाडून आणलंस?" खुद्द पाद्रेंनाही तिनं सोडलेलं नाही. त्यांचा झगा पोटावर तंग झाला तेव्हा चार बायकांसमोर म्हणाली, "पाद्रे, झगा आटलेला नाही, तुम्ही सुटलाय. उपास आम्हालाच सांगता वाटतं?" पाद्रे लाल झाले, पण पुढच्या महिन्यात दुसरा झगा घेऊन तिच्याचकडे आले. जाणार कुठं? तिच्यासारखी शिलाई कुएन्का शहरातही मिळत नाही.

एरवीचं हे असं. डिसेंबर लागला की मात्र तिच्या वाटेला जायची कुणाची छाती होत नाही. तेव्हा बाळयेशूची मिरवणूक असते. गल्लीगल्लीतली पोरं सजवून घोड्यावर बसवायची, घोड्याच्या पाठीवर भाजलेलं डुक्कर, तोंडात मिरची धरलेले खरपूस गिनिपिग, पावाच्या माळा, दारूच्या बाटल्या बांधायच्या, आणि बँड लावून चर्चपर्यंत न्यायचं. मेंढपाळ, देवदूत, तीन राजे, भरतकामाच्या घेराच्या स्कर्टमधल्या, आमच्या गावरान बायकांसारख्या सजलेल्या छोट्या चोला, हे सगळं वर्षानुवर्षं सोइलाच्याच मशीनखालून निघायचं. मग उत्तरेकडून, न्यूयॉर्कहून, पार्सलं यायला लागली आणि पार्सलांतून सुपरहिरो निघाले.

पहिल्या वर्षी त्यावरून केवढा गदारोळ! बाळयेशूची मूर्ती ज्यांच्या घरी असते त्या डोन्या आमादा चर्चच्या पायरीवर उभ्या राहून ओरडल्या होत्या, "बाळयेशूच्या वाढदिवसाला हे चड्डीवाले कशाला आणलेत?" पण बँडचे आणि फटाक्यांचे पैसे न्यूयॉर्कहूनच येतात, आणि पैसे पाठवणाऱ्यांचीच पोरं चड्ड्या घालून आलेली. डोन्या आमादांना नमतं घ्यावं लागलं. तोडगा निघाला की सुपरहिरोंनी यायचं, पण बँडच्या मागून.

सोइलाला देवाधर्माचं काही पडलेलं नव्हतं. "बाळयेशू पोरच आहे ना? त्यालाही उडावंसं वाटत असेल," असं ती म्हणायची. तिचा राग निराळा होता. तिचा राग मापावर होता.

पुकालोमात असं घर सापडणार नाही जिथलं कुणी तिकडे गेलेलं नाही. बाप जातो, मग आई जाते, पोरं आजीकडे राहतात. नोव्हेंबर संपता संपता पार्सलं येतात. त्यांत ते चकचकीत पोशाख, छातीवर फुगवलेले स्पंजचे स्नायू, पाठीवर टीचभर केप. आणि दरवर्षी, न चुकता, लहान. कुणाच्या बाह्या कोपरात अडकतात, कुणाची चेन पाठीवर वीतभर उघडी. आज्या पिशवी शालीआड धरून सोइलाच्या दारात येतात आणि कुजबुजतात, "जरा सैल करून दे गं, बाई."

"सैल? कुठून करू सैल?" सोइला पोशाख उलटा करून त्यांच्या नाकासमोर नाचवते. "बघ. आत जराशी माया म्हणून सोडलेली नाही. कडेला कड लावून मशीननं हाणलंय नुसतं. अगं, पोर वाढलीय हे तुझ्या मुलीला सांगत का नाहीस? फोनवर तासतास बोलता, मग बोलता तरी काय? हवापाणी?"

 सगळ्या आज्यांचं तेच. तिकडून विचारलं, बसला का, की इकडून उत्तर, अगदी अंगासरशी बसला, तुझ्या नजरेचं माप कधी चुकलंय? तिकडे भांडी घासणाऱ्या, दुसऱ्यांची पोरं सांभाळणाऱ्या लेकीच्या जिवाला तेवढंच बरं वाटतं. आणि बसला म्हटल्यावर लेक पुढच्या वर्षी आणखी एकच नंबर मोठा घेते. मुळात चुकलेलं माप, त्यात दरवर्षी एकेक नंबर वाढणार. पोर कुठल्या कुठे निघून गेलेली, माप मागून लंगडत येतंय.

आणि ही सगळी लबाडी निस्तरायला कोण? सोइला. काखेत कळ्या घालायच्या, कुशीला पट्ट्या जोडायच्या, केपखाली लपेल असा पाठीत तुकडा बसवायचा, कुएन्काचा सगळा बाजार पालथा घालून त्याच रंगाचं कापड शोधायचं. तिचं काम इतकं बेमालूम की फोनवर बघणाऱ्या आईला काही कळायचं नाही. रात्रंदिवस तणतणत ती हे काम करायची, पण करायची. कुणाचा पोशाख तिनं परत पाठवला असं कधी झालं नाही.

मापाशी तिचं वैर जुनं आहे, आणि ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. तिचा नवरा सेगुन्दो लग्नानंतर तिसऱ्या वर्षी उत्तरेला गेला. सुरुवातीला पैसे यायचे, पत्रं यायची. मग एकदा तिच्या वाढदिवसाला ड्रेस आला, हिरवा, मखमली, भारी. शेजारणींनी तोंडभर कौतुक केलं. सोइलानं तो टेबलावर पसरला आणि शिवणीवरून हात फिरवला. खांद्याला अरुंद, कमरेला बारीक, छातीला भरलेला. सोइला तेव्हाही अशीच रुंद, सपाट आणि दणकट होती. शिंपिणीला कापडातलं माणूस दिसतं. तिला त्या ड्रेसमध्ये एक दुसरीच बाई उभी दिसली. नवऱ्यानं दुकानात हात पसरून "एवढी एवढी" म्हणून दाखवलं असणार, आणि हातांनी सवयीचं तेच दाखवलं. तिनं त्याला फोन लावून एकच विचारलं, "नाव काय तिचं?" तो फोन शेवटचा. ड्रेसचे तुकडे करून तिनं सुया टोचायच्या गाद्या शिवल्या आणि साऱ्या गल्लीत फुकट वाटल्या. माझ्या आईकडे होती त्यातली एक.

तर अशी सोइला. त्या वर्षी तिच्याकडे ओतिलिया आली, नातीला घेऊन.

ओतिलिया म्हणजे चर्चच्या मागच्या उतारावर राहते ती, मक्याच्या पानात उकडलेली हुमितं विकणारी, मऊ बोलणारी बाई. तिची मुलगी नूबे पाच वर्षांमागं तिकडे गेली. चोरवाटेनं सीमेवरच्या वाळवंटातून जाताना तिनं बाळयेशूला नवस बोलला होता की जिवंत पोचले तर माझी दोमेनिका दरवर्षी तुझ्या मिरवणुकीत घोड्यावर बसेल. पोचली. दोमेनिका तेव्हा चार वर्षांची होती. एकदा ती देवदूत झाली, दोनदा मेंढपाळीण झाली, एकदा चोला. या वर्षी तिनं फोनवर आईला सांगितलं की मला रुपेरी व्हायचंय. टीव्हीवर ती रुपेरी मुखवटा घालून भिंती फोडणारी बाई लागते ना, ती. सगळ्या पोरी तिच्यावर फिदा. नूबेनं पार्सल पाठवलं.

"घाल," सोइला म्हणाली.

दोमेनिकानं पडद्याआड जाऊन पोशाख चढवला आणि बाहेर आली. सोइलाच्या तोंडातून शिवीच गेली. पोरगी बापावर गेलेली, नुसती ताडमाड वाढलेली. नऊ वर्षांची, पण अंगानं बारा-तेराची वाटायची. पोशाखाच्या बाह्या कोपराच्या जरा खाली संपत होत्या. पाय पोटरीपर्यंत उघडे. पाठीमागे चेन कमरेपासून पुढे सरकायला तयार नाही, मधे उघडी पाठ. मुखवटा मात्र बसला होता, कारण तो ताणला जायचा. डोक्यावरून हनुवटीपर्यंत सगळा रुपेरी, डोळ्यांना दोन फटी.

"हा काय प्रकार आहे?" सोइला ओतिलियावर उखडली. "हा पाच वर्षांच्या पोरीच्या अंगाला आला असता! तुझ्या लेकीला डोळे आहेत की खाचा? रोज रात्री फोनवर बघते ना हिला?"

"बघते की," ओतिलिया म्हणाली. "फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते मी. दोमेनिका समोर बसते. तिला तोंड दिसतं."

"तोंड दिसतं! आणि बाकीची पोरगी?"

"मी सांगते ना तिला, की अजून चिमुरडीच आहे, तशीच आहे." ओतिलियाचा आवाज आणखी खाली गेला. "काय सांगू, सोइलिता? की तुझी पोर माझ्या खांद्याला लागली? ती तिकडे ढसढसा रडेल. कामाला जाणार नाही. तू नेहमीसारखी पट्टी लावून दे ना. फोनवर चांगलं दिसलं म्हणजे झालं."

सोइलानं पोरीकडे बघितलं. मुखवट्याच्या फटींतून दोन डोळे सरळ तिच्याकडे रोखलेले. पोरगी हसली नाही, रडली नाही. "काढ तो," सोइला म्हणाली. "उद्या कापड बघते. आणि ओतिलिया, पुढच्या वर्षी असलं काही घेऊन आलीस तर दुकानाची पायरी चढू देणार नाही. सांगून ठेवते."

ही धमकी ती दरवर्षी प्रत्येकीला द्यायची, त्यामुळे ओतिलियानं ती मनावर घेतली नाही.

सोइला दुसऱ्या दिवशी कुएन्काला गेली आणि तसंच रुपेरी कापड घेऊन आली, बसमध्ये कंडक्टरशी भांडत. कात्री घेऊन बसली एवढ्यात दोमेनिका एकटीच दारात. शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर.

"आजीनं पाठवलं?"

"नाही. डोन्या सोइला, पट्टी लावू नका."

"म्हणजे?"

"आहे तसाच ठेवा. मी तसाच घालणार."

सोइलानं कात्री खाली ठेवली. "डोकं फिरलंय का तुझं? उघडी पाठ घेऊन घोड्यावर बसणार? लोक हसतील."

"हसू देत."

"वा! हसू देत म्हणे. आणि पोशाख टरकन फाटला म्हणजे? मी कापड आणलंय, माझी बस वाया, माझा दिवस वाया, आणि ही शेंबडी मला येऊन सांगणार, लावू नका!"

दोमेनिका मागे हटली नाही. उलट दप्तर खाली आपटलं. "ती विचारते, बसला का? आजी म्हणते, बसला. दरवेळी! बूट आले होते, मला घोट्यातसुद्धा गेले नाहीत. आजीनं शेजारच्या लुसियाला दिले आणि फोनवर म्हणाली, घालून नाचतेय. मी समोर बसले होते! मी काही बोलायला गेले की टेबलाखाली चिमटा काढते. स्वेटर लुसियाला. जॅकेट लुसियाला. लुसियालाच पाठवू दे मग सगळं. लुसियाचीच आई आहे ती!"

"तोंड सांभाळ," सोइला ओरडली. "तुझी आई तिकडे कुणाची उष्टी खरकटी काढते, माहितेय? तुझ्यासाठी!"

"मग तिला माहीत हवं ना, कुणासाठी काढते ते!"

 सोइलाला एकदम काही सुचेना. तोंडाचा पट्टा असा मधेच तुटायची सवय तिला नव्हती. राग तर आला होता, पण तो नेमका कुणावर काढायचा हे कळेना. पोरीवर काढावा तर पोरीचं चुकत नव्हतं. नूबेवर काढावा तर तिला बिचारीला जे सांगितलं तेच तिनं खरं मानलं. ओतिलियावर काढावा तर ती लेकीच्या काळजीनंच खोटं बोलत होती. राहिलं कोण? या सगळ्यांच्या खोट्याला काखेत कळ्या घालून कोण देत होतं? सोइलाचं डोकं भणाणलं.

"चालती हो," ती म्हणाली. "घरी जा. आणि आजीला काही बोलू नकोस."

दोमेनिका दप्तर उचलून गेली. सोइलानं ते रुपेरी कापड घडी करून फळीवर फेकलं. पोशाख हातात घेतला. पट्टी लावली नाही, कळी घातली नाही. घोड्यावर फाटू नये म्हणून ताण येईल तिथं आतून दुहेरी टीप मारली, चेनच्या दोन्ही कडांना काजं करून बुटासारखी नाडी ओवली, म्हणजे पाठ उघडी राहिली तरी सुटणार नाही. तीन दिवस तिचं मशीन खडखडत होतं आणि तिच्याशी कुणी बोलायला गेलं नाही.

मिरवणुकीच्या सकाळी ओतिलिया दुकानात आली तेव्हा दोमेनिका पोशाख घालून तयार उभी होती. ओतिलिया बघतच राहिली. मग ती मऊ बाई अशी कडाडली की रस्त्यावरचे बँडवाले थांबून ऐकू लागले.

"हे काय केलंस, सोइला? काय केलंस हे? काही केलंच नाहीस!"

"नाही केलं."

"बारा वाजता नूबेचा फोन येणार! जेवणाची सुट्टी आहे तिची, फक्त हे बघायला! ती काय म्हणेल?"

"जे म्हणायचंय ते म्हणेल. दरवर्षी मी लपवते आणि दरवर्षी तुम्ही खोटं बोलता. माझ्या हातानं हे आता होणार नाही. आण दुसरी शिंपीण, सापडली तर."

"तुला पोटचं पोर असतं तर कळलं असतं!"

हे लागलं. सोइलाचा चेहरा उतरला, पण ती बधली नाही. "नाही ना? मग नाही कळत मला. चल, घोडा थांबलाय."

ओतिलियानं पोरीच्या खांद्यावर शाल टाकायचा प्रयत्न केला. दोमेनिकानं ती झटकली. दुसरं काही करायला वेळच उरला नव्हता.

सोइला मिरवणुकीत नेहमी चालत जाते, दंडावर सुयांची गादी बांधून, खिशात दोऱ्याची रिळं, कुणाचा पंख सुटला, कुणाची दाढी गळली तर तिथल्या तिथं टाका घालायला. तशीच ती निघाली. पुढे डोन्या आमादा मूर्ती छातीशी धरून, मग राजे, मेंढपाळ, चोला, मग बँड, आणि बँडच्या मागे सुपरहिरोंची पलटण. सगळ्यांत शेवटी पांढऱ्या घोड्यावर दोमेनिका. घोड्याचा लगाम धरणारा दोन बाजूंनी लोंबणाऱ्या पावांच्या माळा सांभाळत होता. रुपेरी मुखवटा उन्हात चमकत होता आणि त्याखाली ती लांबलचक पोरगी, मनगटांच्या वर वीतभर उघडे हात, लोंबते पाय. लोक बघत होते. कुणीतरी हसलंही. "रुपेरीचा पोशाख धुतल्यावर आटला वाटतं!" सोइला त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "तुझी अक्कल कधी आटली रे?" तो गर्दीत दिसेनासा झाला.

बारा वाजता चौकात बँड थांबला. मक्याची आंबवलेली चिचा प्यायला वाटायला सुरुवात झाली. आणि ओतिलियाचा फोन वाजला.

ओतिलियानं एकदा सोइलाकडे बघितलं, मग बटण दाबलं. पडद्यावर नूबे आली, डोक्याला जाळी, मागे मोठमोठी पातेली, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. "आई! आई, वेळेत लागला ना? दाखव, दाखव, माझी राणी कुठंय? पंधरा मिनिटंच आहेत मला. दाखव ना!"

ओतिलियानं फोन घोड्याकडे वळवला. 

"घोडा दिसला," नूबे म्हणाली. "अगं बाई, काय सजवलाय! पण आई, ती मोठी मुलगी आड येतेय गं, तीही रुपेरीच झालीय वाटतं. तिला म्हण ना जरा सरक. मागे आहे का दोमेनिका?"

ओतिलियानं फोन आणखी पुढे धरला.

"आई? ऐकू येतंय का? ती उंच मुलगी बसलीय ना घोड्यावर, तिला बाजूला कर. मला माझी दोमेनिका दाखव."

आवाज मोठा होता. घोड्यावरच्या पोरीनं तो ऐकला. आजूबाजूच्यांनी ऐकला. चिचाचे पेले हातातच राहिले.  सोइलानं मनात काय काय ठरवलं होतं, नूबेला चार खडे बोल सुनवायचे, डोळे उघडायचे, पण हे असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. रोज रात्री साखरेच्या डब्याला टेकवलेल्या फोनवर आईनं पोरीचं फक्त तोंड बघितलं होतं. आज तोंड मुखवट्यात होतं. बाकीची पोरगी तिनं पाच वर्षांत पाहिलीच नव्हती.

"दोमेनिका," ओतिलिया रडवेली होऊन वर बघत म्हणाली, "बाळा, मुखवटा काढ. काढ पटकन. आईला तोंड दाखव."

"नाही काढणार," मुखवट्यातून आवाज आला.

"काढ म्हणते ना! वेळ नाहीये तिला!"

"नाही! आधी ओळखू दे!"

पलीकडे पातेल्यांचा आवाज चालूच होता, पण नूबेचा आवाज बंद झाला. आवाज तिनं ओळखला होता. तिचं तोंड पडद्यावर अगदी जवळ आलं, इतकं की नुसते डोळे दिसत होते. ते डोळे इकडून तिकडे फिरत होते, उघड्या मनगटांवर, लोंबत्या पायांवर, पाठीवरच्या नाडीवर.

"तो... तो मी पाठवलेला आहे," ती म्हणाली. "आई, तू म्हणाली होतीस बसला."

ओतिलियानं फोन खाली नेला, बंद करायला असेल किंवा डोळे पुसायला असेल. सोइलानं तो तिच्या हातातून हिसकावला.

"नाही बसला!" ती फोनमध्ये ओरडली. साऱ्या चौकानं ऐकलं. "बूट बसले नाहीत, स्वेटर बसला नाही, काहीएक बसलेलं नाही! आड येत नाहीये ती, बये, तीच आहे! तुझीच आहे! आणि हे सगळं जोडून जोडून तुझ्यापासून कोणी लपवलं, विचार! मी लपवलं! मला शिव्या घाल, तुझ्या आईच्या अंगावर जाऊ नकोस. घाल शिव्या, मी ऐकते!"

नूबेनं शिव्या घातल्या नाहीत.  तिच्या मागे कुणीतरी परक्या भाषेत ओरडलं, बहुतेक सुट्टी संपल्याचं. तिनं मान न वळवता हातानं त्याला थांब म्हटलं.

"डोन्या सोइला," ती म्हणाली, आवाज फुटलेला, "तिला खाली उतरवा. घोड्यावर नको. मला ती उभी बघायचीय."

लगाम धरणाऱ्यानं दोमेनिकाला उतरवलं. ती दगडी रस्त्यावर उभी राहिली, हात दोन्ही बाजूंना सोडून, मुखवट्यासकट. सोइलानं फोन समोर धरला. पडद्यात पोरीचा मुखवटा आणि छाती एवढंच मावत होतं. सोइला एक पाऊल मागे गेली. मग कंबर दिसली. आणखी मागे. पाठीमागे ढोलवाला होता, त्याला तिनं कोपरानं ढकललं. "सरका रे! डोळे फुटलेत का? सरका, मला मागे जाऊ द्या!" तिचा आवाज घोगरा झाला होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. गर्दीनं वाट दिली. ती मागे मागे जात राहिली.

"आणखी मागे, डोन्या," फोनमधून नूबे म्हणाली. "पाय दिसत नाहीत अजून."